पाणीमहालातली दुसरी हाक

नळदुर्गचा किल्ला मला पहिल्यांदा दिसला तो एसटीच्या खिडकीतून, आणि तो किल्ला आहे हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. मी वेंगुर्ल्याकडची. आपल्याकडे किल्ला म्हटला की खाली समुद्र, लाल जांभा, तटावर वाकलेले माड. इथे सोलापूर सोडल्यापासून नुसती काळी जमीन, तूर आणि सोयाबीन, आणि आभाळ एवढं मोठं की मला घाबरायला झालं. मग एका वळणानंतर काळ्या कातळाची रांग उभी राहिली. मला वाटलं डोंगर. नीट बघितलं तर डोंगराला बुरूज होते.

शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं, "हे काय हो?"

"किल्ला हाय की. नळ राजाचा. तुमी पावण्या दिसता."

"मुलीकडे चालले, जळकोटला. बाळंतपण आहे तिचं."

"मग आत्ता नगा जाऊ बघायला," त्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढून झोपून गेल्या. का नको, ते विचारायचं राहूनच गेलं.

मी पाचवीत शाळा सोडली. एकटी अशी कोल्हापूरच्या पुढे कधी गेले नव्हते. माझी मुलगी रेवती मात्र शिकली, शिक्षिका झाली आणि नेमणूक मिळाली ती जळकोटच्या शाळेत. जावई पुण्याला नोकरीत. त्यांना रजा बाळ झाल्यावरच मिळणार होती. रेवती फोनवर म्हणाली होती, "आई, तू काही करू नकोस. मी हाक मारली की तू जवळ हवीस, एवढंच." तेवढं एक वाक्य उराशी धरून मी इतक्या लांब आले.

जळकोट हमरस्त्यावरचं गाव. दिवसभर ट्रक जातात आणि भांडी हलतात. मला मासळीची सवय. तिथे पहिल्या जेवणाला शेजारच्या अंजनाबाईंनी ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी (धान्य-डाळी भाजून केलेल्या मसाल्याच्या पिठाची आमटी) आणून दिली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने की मायेने, सांगता येणार नाही. ओळख ना पाळख, आणि ही बाई रोज काहीतरी झाकून घेऊन यायची. कधी धपाटं, कधी शेंगांची चटणी. साठीच्या असतील. गुडघे गेलेले, जीभ मात्र चपळ.

पहिल्याच संध्याकाळी एक गंमत झाली. मी दिवा लावत होते. भिंतीपलीकडून त्यांनी हाक मारली, "अवो ताई!" मी गप्प. पुन्हा "ताई!" मी गप्पच. तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा मी ओ दिली.

"कान गेलं का काय तुमचं?"

मी त्यांना सांगितलं. आपल्याकडे तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसऱ्याही नाही. माझ्या सासूबाईंनी लग्न झाल्या आठवड्यातच बजावलं होतं. जे काही बाहेर असतं ते दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक माणसाचीच. इतकी वर्षं मी ते पाळत आले, आता ते अंगातच गेलंय.

अंजनाबाई पोट धरून हसल्या. "आमच्याकडं पयल्या हाकेला ओ दिली न्हाय तर माणूस निघून जातं बाई! तीनदा कोण वरडंल? रिकामं हाय का कोण?"

दिवस भरत आले तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. रेवतीने कूस बदलली तरी मी उठून बसायची. शेवटी तीच वैतागली. "आई, डॉक्टर म्हणाल्यात अजून आठवडा आहे. तू सारखी माझ्या तोंडाकडे बघतेस, मलाच भीती वाटायला लागलीये. जा, अंजनाकाकूंबरोबर किल्ला बघून ये. काकूंची सून आहे इथे माझ्याजवळ."

एसटीतल्या बाईंचं बोलणं माझ्या मनात आलं. पण ते कुणाला सांगायचं आणि कसं? दुपारी आम्ही काळीपिवळीत (माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये) बसून नळदुर्गला निघालो. भादवा संपत आला होता. रात्री कुठेतरी वरच्या अंगाला पाऊस झाला होता, हवा ओली होती आणि आभाळ खाली उतरलं होतं.

किल्ल्याचा दरवाजा समोरून दिसतच नाही. वाट दोन उंच भिंतींमधून वळते, वाटतं आता भिंतच आली, आणि मग अचानक दरवाजा पुढ्यात येतो. शत्रूला चकवायला असं केलेलं, म्हणे. मलाच चकवलं. भिंतीचे दगड इतके एकमेकांत बसलेले की नख जाणार नाही. आतमध्ये मात्र एकदम हिरवळ, फुलांचे वाफे, बसायला बाक. गेल्या काही वर्षांत सगळ्या किल्ल्याची डागडुजी झाली आहे. ढासळलेले तट पुन्हा उभे केलेत, झुडपं काढलीत, चुना लावलाय. जुना चुना करडा आणि नवा फिकट, त्यामुळे जखम भरून आल्यावर कातडीचा रंग वेगळा दिसतो तसं जागोजागी दिसतं.

दस्तगीर चाचा तिथेच भेटले. ते तिथले पहारेकरी. पांढरी दाढी, खाकी शर्ट, कमरेला चाव्यांचा जुडगा. डागडुजीच्या आधीपासून ते इथे आहेत. अंजनाबाईंची त्यांची जुनी ओळख निघाली, दोघांची शेतं एका शिवारात.

"ह्या कोकणातनं आल्यात चाचा. नीट दाखवा. समुद्र बघितलेली माणसं हायती, आपली डबकी दाखवू नगा."

"डबकं? ह्या डबक्यानं मोठमोठे सुलतान येडे झाले," चाचा म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते मी जमेल तसं लक्षात ठेवलंय. आधी इथे मातीचा कोट होता, चालुक्य राजांच्या वेळचा. लोक त्याच्याही मागे जातात आणि नळ-दमयंतीचं नाव घेतात. मग बहामनी आले. पुढे विजापूरच्या आदिलशाहीने मातीच्या जागी हा काळा दगड चढवला. मग मोगल, मग निजाम. बोरी नदी टेकडीला वळसा घालते, तिचाच त्यांनी खंदक केला. नदीपलीकडे दुसरा छोटा कोट बांधला, त्याचं नाव रणमंडळ. आणि दोन्ही कोट जोडायला नदीतच दगडी बंधारा घातला. बंधाऱ्याच्या पोटात महाल काढला. पाणीमहाल.

"पोटात म्हणजे?" मी विचारलं.

"पोटात म्हणजे पोटात. एका अंगाला तळं भरलेलं, डोक्यावरनं नदी चालती, आन तुमी मधी बसायचं. पाण्याचा थेंब आत येत न्हाय. बंधाऱ्याला दोन सांडवे हायत, नर आन मादी. नदी भरली की दोन्हीतनं पाणी कोसळतं." मग त्यांनी आभाळाकडे बघितलं. "आज भरंल असं वाटतंय. म्या आज लवकर बंद करणार. अंधार पडायच्या आत वर या सगळे."

किल्ल्यातल्या सगळ्यात उंच, उपळी बुरुजावर मी एकटीच चढले. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. वर दोन लांबच लांब तोफा झोपल्यासारख्या पडल्यात. तिथून सगळा किल्ला दिसतो. शंभराहून जास्त बुरूज, त्यातला एक तर नऊ पाकळ्यांच्या फुलासारखा. एवढ्या मोठ्या जागेत माणसं मुंग्यांएवढी, आणि आवाज कसलाच नाही. समुद्राजवळ कायम गाज असते. इथल्या शांततेत मला माझंच रक्त कानात वाजताना ऐकू आलं.

खाली आले तेव्हा अंजनाबाई बागेतल्या बाकावर पाय पसरून शेंगा फोडत होत्या. "माझं गुडघं त्या भुयारात उतरायचं न्हाय. तुमी जा बिगीनं, बघा आन या. पिशवी ठिवा हितं." पिशवीतच फोन होता. मी ठेवली.

बंधाऱ्यावर पोचले तेव्हा कॉलेजची मुलं वर येत होती. चाचा पलीकडे, रणमंडळाच्या टोकाला, कठड्यावर चढून फोटो काढणाऱ्या कुणावर तरी ओरडत होते. पाणीमहालाचं लोखंडी जाळीचं दार उघडं होतं. मी उतरले.

जिना अरुंद आणि वळत जाणारा. प्रत्येक वळणाला उजेड अर्धा होतो. भिंतीला हात लावला तर ओलसर आणि कोमट लागली, जनावराच्या पोटाला लागते तशी. वटवाघळांचा वास होता. तळाशी कमानींची एक लांबट खोली आहे. कमानींवर चुन्यातली नाजूक नक्षी, वेल, पाकळ्या. बाहेरच्या अंगाला उघडणाऱ्या खिडक्या, आणि खिडक्यांखाली खोल दरी. पाठीमागच्या भिंतीपलीकडे अख्खी नदी दाबून धरलेली. ते ऐकू येत नव्हतं, पण जाणवत होतं, बंद खोलीत कुणीतरी उभं असल्यासारखं.

खरं सांगायचं तर त्या खोलीत माझी भीती उतरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले आणि मनातल्या मनात म्हटलं, ज्यांनी नदी डोक्यावर घेऊन हे तोलून धरलंय, त्यांच्या हातांना माझा नमस्कार. माझ्या लेकीचंही असंच तोलून धरा. बसले ती बसलेच. खिडकीबाहेरचा उजेड करडा होत गेला ते कळलं नाही.

तेवढ्यात वरून हाक आली. "कोणी हाय का?"

चाचांचाच आवाज होता. जिन्यातून घोळत खाली आला. मी उठले, तोंड उघडलं, आणि बाहेर बघितलं. तिन्हीसांज झाली होती. जीभ आपोआप टाळ्याला चिकटली. म्हटलं, अजून दोनदा मारू दे.

थोड्या वेळाने दुसरी हाक आली. "कोणी हाय का?"

ही वरून आली नाही. ही खोलीच्या पलीकडच्या टोकाकडून आली, जिथे कमानींमागे अंधार होता, आणि हळू आली, झोपलेल्या पोराला उठवताना मारतात तशी. मी तिसरीची वाट बघत उभी राहिले.

तिसरी आलीच नाही. वर लोखंडावर लोखंड आपटलं आणि कुलूप लागल्याचा आवाज झाला.

मी धावत जिना चढले. दार बंद. जाळीतून बंधारा दिसत होता, माणूस नव्हतं. "चाचा! अहो चाचा!" मी ओरडले, आणि त्याच वेळी पायाखालचा दगड थरथरला. नदीने सांडवा गाठला होता. आधी एक दणका, मग दुसरा, आणि मग नुसता गडगडाट. मला माझाच आवाज ऐकू येईना. जाळीबाहेर धुक्यासारखे तुषार उडायला लागले, मी चिंब झाले, तरी "कोणी आहे का?" म्हणून हाका मारतच राहिले. माघारी खालच्या खोलीत जायची छाती होत नव्हती. पाठ खोलीकडे करून उभं राहवत नव्हतं आणि तोंड तिकडे करूनही. आणि सगळ्यात वर एकच विचार: रेवतीने आत्ता हाक मारली तर?

पुढचं बाहेर काय झालं ते मला नंतर अंजनाबाईंनी सांगितलं. माझ्या पिशवीतला फोन वाजला. त्यांची सून होती. रेवतीला कळा सुरू झाल्या होत्या, ती तिला गाडीत घालून नळदुर्गलाच दवाखान्यात आणत होती. अंजनाबाई लंगडत चाचांकडे गेल्या. चाचा म्हणाले, "आत कोण बी न्हाय. म्या हाक मारूनच कुलूप लावलं." मग मला रणमंडळावर शोधलं, बागेत शोधलं. कुणीतरी म्हणालं, बाई पाण्यात तर गेली नसेल? शेवटी दोघं बंधाऱ्यावर आली, आणि पाण्याच्या आवाजातून त्यांना आतून बाईचा आवाज आला, "कोणी आहे का?"

चाचा जागेवरच थांबले. अंजनाबाईंनी त्यांना ओढलं तर म्हणाले, "ते ऐकू नगा. नर-मादी वाहायला लागले की आत बाई बोलती. माझ्या आजानं ऐकलंय. तिला ओ द्यायची न्हाय, दार तर अजिबात उघडायचं न्हाय."

म्हणजे मी आतून हाका मारत होते आणि ते बाहेर माझ्यासारखेच गप्प उभे होते.

मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मला पाठीमागे, जिन्याच्या वळणाशी, कुणीतरी एक पायरी वर चढल्यासारखं वाटलं. तेव्हा मी ते केलं जे आपल्याकडे आडवाटेला माणूस शेवटी करतो. राम राम केलं नाही. शिव्या घातल्या. भूतखेत देवाच्या नावाला भीत नाही एवढं शिव्यांना भितं, हेही सासूबाईंचंच.

"कोण रे तो मेलो? फुडे ये बघया! माजी पोर थय बाळंत व्हतली हा, आनी तू माका हय डांबून ठेवतंस? तुझो मुडदो बशवलो! तुझ्या तोंडात माती पडली!"

आणखीही बऱ्याच होत्या. त्या इथे छापता येणार नाहीत.

बाहेर अंजनाबाईंनी चाचांच्या पाठीत धपाटा घातला. "अवो उघडा! आमचीच बाई हाय ती!"

"कशावरनं?"

"इथली हडळ कोकणातल्या शिव्या देईल व्हय? कुठं शिकली ती? उघडा म्हन्ते ना!"

चाचांनी उघडलं, पण डोळे मिटून. मी बाहेर पडले आणि आधी अंजनाबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "पोरीला दवाखान्यात आणलंय, चला." चाचांनी आपली जुनी लुना काढली. "बसा अम्मा." भिजलेली मी, मागे धरायला काही नाही, तर त्यांच्या खाकी शर्टालाच मूठ घालून बसले. अंजनाबाई मागून कुणाच्यातरी दुचाकीवर आल्या. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. काळ्या बंधाऱ्यातून दोन पांढरे लोट कोसळत होते. मधल्या खिडक्या काळ्याठिक्कर होत्या.

रेवतीला आत नेलं होतं. "सारखी तुमालाच विचारत हुती," अंजनाबाईंची सून म्हणाली. "आई आली का, आई आली का." मला आत सोडत नव्हते. मी बाकावर बसले. चाचा समोर उभे, टोपी हातात चुरगाळत.

"माफ करा अम्मा. पण म्या हाक मारली हुती. तुमी ओ का न्हाय दिली?"

मी सांगितलं, तिसऱ्या हाकेची वाट बघत होते.

चाचा जवळ आले. "म्या एकदाच मारतो. माझा आजा तिथंच पहाऱ्याला हुता, त्यानं शिकवलं. जितं माणूस एका हाकेला ओ देतं. त्या जागेत दुसरी हाक मारायची न्हाय. दुसरी मारली की आतनं जे हाय ते ओ देतं."

"एकदाच?" मी विचारलं.

"कसम अल्लाची. एकदाच."

मी दोन ऐकल्या, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्या बंद दारामागून आवाज आला. मला वाटलं होतं नर्स येईल, नाव घेईल. पण ती रेवतीच होती. कळेतून, दात आवळून, एकदाच. "आई!"

बाहेर पुरता अंधार पडला होता. सासूबाईंचा नियम, अंगातली इतकी वर्षं, सगळं होतं तिथेच. पण हाक संपायच्या आधी माझी ओ गेली होती. सगळा दवाखाना वळून बघायला लागला एवढी मोठ्याने. नर्सने दार उघडलं आणि हसून म्हणाली, "या आजी, तुम्हाला घेतल्याशिवाय ती काही ऐकायची न्हाय."

मुलगी झाली. मी तिला हातात घेतली तेव्हा माझे कपडे अजून ओलेच होते.

सव्वा महिन्यानंतर जावयांच्या हाती दोघींना सोपवून मी परत निघाले. अंजनाबाईंनी धपाटी बांधून दिली आणि वर म्हणाल्या, "त्या शिव्या जरा कागदावर लिहून देऊन जावा, सुनंसाठी उपयोगी पडतील." चाचा स्टँडवर आले होते, खव्याचे पेढे घेऊन. ह्या माणसांचं मी काय देणं लागते ते मला फेडता येणार नाही.

एसटी किल्ल्यासमोरून गेली. पाणी ओसरलं होतं, दगड उन्हात वाळत होते. शिकलेल्या लोकांनी सांगितलं, तो प्रतिध्वनी असणार. असेल. तशा कमानींत आवाज फिरत राहतो. पण फिरून आलेला आवाज मारणाऱ्यासारखाच असतो, आणि चाचांचा आवाज फुटक्या ढोलासारखा आहे. मी ऐकली ती हाक तशी नव्हती.

आता घरी तिन्हीसांजेला दिवा लावताना कुंपणाबाहेरून कुणी हाक मारली की मी पहिल्यालाच ओ देते. सगळ्यांना नवल वाटतं. मात्र ओ देण्याआधी एक करते. हाक कुठून आली ते बघते. बाहेरून आली असेल तर माणूस खोळंबलंय, लगेच जाते. एकदाच, गेल्या अवसेला, ती घराच्या आतून आली. घरात मी एकटीच होते. मी वात पुढे सारली, आणि गप्प राहिले.